धन्याची नजर आणि परक्याचा सल्ला

नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वर्धा जिल्ह्यांत, कारंजा हें गांव लागतें. वाशीम जिल्ह्यांतील कारंजा (लाड) याच्याशीं घोटाळा होऊं नये म्हणून यास कारंजा (घाडगे) म्हणतात. आसपासचा मुलूख कापसाचा आणि संत्र्यांचा. संत्र्यांच्या व्यापारांत बाग उभी असतांच तिचा सौदा करण्याची चाल आहे. फळ अजून हिरवें असतें. व्यापारी बागेंतून एक फेरी मारतो, दहापांच झाडें खालून-वरून न्याहाळतो, मनाशीं आंकडा बांधतो, आणि साऱ्या बागेची एकठोक किंमत बोलतो. त्या क्षणापासून फळ तोडून पेट्या भरेपर्यंतच्या काळांत गारपीट होईल, फळगळ लागेल, दूरच्या शहरांतला भाव कोसळेल. जें कांहीं होईल तें त्याचें. शब्द एकदां तोंडांतून गेला कीं तो परत घेतां येत नाहीं.

अशा व्यापाऱ्यांत दोन स्वभाव ठळकपणें दिसतात. एकाला कोणासही विचारणें म्हणजे कमीपणा वाटतो. आपली नजर, आपला अंदाज, आपला शब्द. मध्यें दुसऱ्यानें बोलूं नये. दुसरा मात्र सर्वांनाच विचारतो. चहाच्या दुकानांत बसलेल्याला, मोटार हांकणाऱ्याला, मेव्हण्याला, ज्योतिषाला. आणि शेवटीं जो सर्वांत मोठ्यानें बोलेल त्याचें ऐकतो. पहिला बुडतो तेव्हां त्याला सांगावयास कोणी धजत नाहीं. दुसरा बुडतो तेव्हां दोष कोणाचा हेंच ठरत नाहीं. परिणाम दोघांचा एकच. दुकानाला कुलूप, जमिनीवर बोजा, आणि भावाभावांत कायमचा अबोला.

तेव्हां प्रश्न असा कीं, धंद्यांतील पुढाऱ्याची कर्तबगारी नेमकी कशांत असते. आणि कर्तबगार माणसानेंही बाहेरच्याचा सल्ला घ्यावा तो केव्हां? हा प्रश्न केवळ मोठ्या कारखानदारांचा नव्हे. ज्या घरांत एखादें दुकान, छापखाना, औषधालय किंवा शाळेची संस्था चालते, त्या प्रत्येक घराचा तो आहे. परंतु उत्तर शोधावयाचें तर मोठ्यांच्या उदाहरणांतून शोधणें सोयीचें. कारण त्यांच्या चुका आणि त्यांचें यश दोन्ही लोकांच्या नजरेंत राहिलेलीं असतात. सुदैवानें अशीं उदाहरणें शोधण्यासाठीं श्रोत्यांना विलायतेस जावें लागणार नाहीं. नागपूर, चांदा, वर्धा आणि कृष्णाकांठ एवढ्या टापूंतच तीं सांपडतात.

पहिलें उदाहरण नागपूरचें. इ. स. १८७४ सालीं जमशेटजी टाटा यांनीं कापूस कांतण्या-विणण्यासाठीं एक कंपनी स्थापन केली. गिरणी काढावयाची ती मुंबईस, असा त्या काळचा रिवाज होता. जमशेटजींनीं अनेक जागा पाहून नागपूर पसंत केलें. त्यांचा हिशेब साधा होता. कापूस या मुलखांत दारांत पिकत होता. वरोऱ्याचा दगडी कोळसा हाताशीं होता. आणि आगगाडी नागपुरापर्यंत येऊन पोंचलेली होती. तयार माल नेण्याचा खर्च आणि कच्चा माल आणण्याचा खर्च यांची तुलना त्यांनीं स्वतः केली. गिरणीसाठीं घेतलेली जागा दलदलीची होती. ती भराव घालून उंच करावी लागली. तेथील एका सावकारानें या उद्योगाला पैसा पुरविण्याचें नाकारलें. जमिनींत सोनें पुरणाऱ्या माणसाच्या नादीं लागावयाचें नाहीं, असा त्याचा अभिप्राय होता. पुढें त्याच सावकारानें कबूल केलें कीं, या गृहस्थानें माती पुरली आणि सोनें काढलें. १ जानेवारी १८७७ रोजीं, ज्या दिवशीं व्हिक्टोरिया राणीनें हिंदुस्थानची सम्राज्ञी ही पदवी धारण केली त्याच दिवशीं, ही गिरणी सुरू झाली. म्हणून तिचें नांव एम्प्रेस मिल पडलें. आज ती गिरणी चालत नाहीं. परंतु ती ज्या रीतीनें उभी राहिली ती रीत विसरण्याजोगी नाहीं.

या गोष्टींत दोन तऱ्हेचे निर्णय आहेत, आणि ते वेगळे करून पाहिले पाहिजेत. गिरणी कोठें काढावयाची, कां काढावयाची, तिच्यांत किती वर्षें धीर धरावयाचा, हा निर्णय जमशेटजींनीं कोणावर सोंपविला नाहीं. सावकाराचें मत विरुद्ध गेलें तरी ते डगमगले नाहींत. कारण सावकार पैशाविषयीं बोलत होता, आणि जमशेटजी कापूस, कोळसा व रेल्वे यांच्याविषयीं बोलत होते. परंतु यंत्रांचें ज्ञान आपल्यापाशीं नाहीं हें त्यांनीं तितक्याच स्पष्टपणें ओळखलें. त्यासाठीं त्यांनीं जेम्स ब्रूक्सबी या माहितगार इंग्रजाला आणलें. आणि गिरणीचा कारभार कोणाच्या हातीं दिला? बेझनजी मेहता यांच्या. बेझनजी रेल्वेच्या माल खात्यांतले अधिकारी. कापडाच्या धंद्याशीं त्यांचा पूर्वीं संबंध नव्हता. परंतु माणसें कशीं वागवावीं, वेळ कशी पाळावी, हिशेब कसा चोख ठेवावा, हें त्यांना येत होतें. सूत कसें कांततात हें माणूस शिकूं शकतो. सचोटी आणि शिस्त मात्र चाळिशीनंतर कोणी शिकवूं शकत नाहीं. ही माणसाची पारख म्हणजेच धन्याची नजर.

जमशेटजींची चूकही येथें सांगितली पाहिजे. नाहीं तर उदाहरण एकांगी होईल. आरंभीं जीं यंत्रें घेतलीं गेलीं तीं स्वस्तांतलीं होतीं. सूत हवें तसें उतरेना, माल हलका ठरूं लागला. अशा वेळीं सामान्य मालक काय करतो? यंत्र निवडल्याची लाज वाटून तेंच यंत्र रेटीत राहतो. कामगारांना दोष देतो. बाजार मंदा आहे असें म्हणतो. जमशेटजींनीं पैसा वांचविण्याच्या नादांत चूक झाली हें मानलें आणि चांगलीं यंत्रें बसविलीं. पुढें तर रिंग जातीच्या नव्या चात्यांचा प्रयोग नागपुरांत अशा वेळीं झाला कीं, लँकेशायरचे मुरलेले गिरणीवालेही त्यांच्याकडे अजून संशयानेंच पाहत होते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यांत सूत तुटूं नये व कामगार घुसमटूं नये म्हणून हवा खेळती आणि दमट ठेवण्याची योजना केली. १८८६ सालीं कामगारांसाठीं पेन्शनचा फंड व १८९५ सालीं अपघाताची भरपाई सुरू केली. चूक कबूल करण्याची ताकद असली म्हणजे पुढचें पाऊल मोकळ्या मनानें टाकतां येतें.

दुसरें उदाहरण याच घराण्याचें, परंतु त्याचा धडा वेगळा. चांदा जिल्ह्यांतील लोहारा येथें उत्तम लोखंडाचा दगड आहे असें फॉन श्वार्ट्झ या जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाच्या अहवालांत १८८२ सालीं आलें. तो अहवाल जमशेटजींच्या वाचनांत आला आणि पोलादाच्या कारखान्याची कल्पना त्यांच्या मनांत रुजली. दगड लोहाऱ्याचा, कोळसा वरोऱ्याचा, दोन्ही एकाच जिल्ह्यांतले. याहून सोईचें काय? पण त्यांनीं तो कोळसा तपासण्यासाठीं जर्मनीस पाठविला, आणि तो भट्टीच्या कामाचा नाहीं असें उत्तर आलें. खाणींचे सरकारी नियमही जाचक होते. बेत थांबला. जवळजवळ वीस वर्षें तो मनांत राहिला, कागदावर आला नाहीं.

नियम सैल झाल्यावर १९०२ सालीं, वयाची साठी उलटल्यावर, जमशेटजी अमेरिकेस गेले. पिट्सबर्गचे ज्युलियन केनेडी या नामांकित अभियंत्याला त्यांनीं विचारलें. केनेडींनीं सांगितलें कीं, आधीं जागेची शास्त्रीय पाहणी केली पाहिजे, आणि ती करण्यासच पुष्कळ पैसा लागेल. त्यांतून कदाचित् कांहींच निष्पन्न होणार नाहीं. जमशेटजींनीं तें मान्य केलें. केनेडींनीं त्यांना न्यूयॉर्कच्या चार्ल्स पेज पेरिन यांच्याकडे पाठविलें. पेरिन यांनीं आपले सहकारी सी. एम. वेल्ड यांना हिंदुस्थानांत धाडलें. जमशेटजींचे पुत्र दोराबजी आणि वेल्ड चांद्याच्या रानांत बैलगाड्यांतून, पाण्याच्या टंचाईंत, डोंगर पाहत हिंडले. आणि अखेर वेल्ड यांनीं सांगितलें कीं, दगड चांगला आहे, पण मोठा कारखाना चालेल एवढा येथें नाहीं. आणि कोळसा तर कामाचा नाहींच.

श्रोतेहो, येथें क्षणभर थांबण्यासारखें आहे. वीस वर्षें जपलेला मनोरथ, आणि स्वतः पैसे देऊन बोलाविलेला तज्ज्ञ म्हणतो, 'नाहीं'. सल्ला मागणारे पुष्कळ असतात. 'नाहीं' हें उत्तर ऐकण्याची तयारी ठेवून सल्ला मागणारे थोडे. बहुतेकांना हवा असतो तो सल्ला नव्हे, तर दुजोरा. टाटांनीं तें 'नाहीं' ऐकलें. चांद्याचा बेत सोडल्याचें सरकारी अधिकाऱ्यास कळविण्यासाठीं दोराबजी नागपूरच्या सचिवालयांत गेले. अधिकारी बाहेर गेलेले होते. वेळ काढावयाचा म्हणून दोराबजी समोरच्या अजबखान्यांत शिरले. तेथें भिंतीवर मध्यप्रांताचा भूगर्भीय नकाशा होता, आणि त्यांत दुर्ग जिल्ह्याजवळ लोखंडाची खूण दाट रंगानें दाखविलेली होती. वेल्ड व दोराबजी तिकडे धांवले. डल्ली-राजहऱ्याच्या त्या टेकड्यांचा दगड अप्रतिम निघाला. परंतु कोळसा आणि पाणी यांची तेथें सोय नव्हती. म्हणून तीही जागा सोडावी लागली. पुढें स्वतंत्र भारतांत भिलाईचा पोलादाचा कारखाना उभा राहिला तो याच दगडावर.

दरम्यान प्रमथनाथ बोस या भूगर्भशास्त्रज्ञांनीं २४ फेब्रुवारी १९०४ च्या पत्रांतून जमशेटजींना मयूरभंज संस्थानांतील लोखंडाची माहिती कळविली. दुर्गचा तो नकाशाही याच बोसबाबूंच्या पाहणीवरून झालेला होता. १९ मे १९०४ रोजीं जर्मनींत जमशेटजींचें निधन झालें. कारखाना त्यांनीं पाहिला नाहीं. १९०७ सालीं कंपनी निघाली, १९१२ सालीं साकची येथें पोलाद तयार झालें, आणि १९१९ सालीं त्या गांवाला जमशेदपूर हें नांव मिळालें. या सगळ्या हकीकतींत ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, कोठें कारखाना काढूं नये हें सांगणाऱ्यानेंच हा कारखाना वांचविला. चांद्याच्या हट्टापायीं भांडवल तेथेंच गाडलें गेलें असतें तर जमशेदपूर झालें नसतें. चांगल्या सल्लागाराची मजुरी ही बहुधा न झालेल्या नुकसानींत मिळते. म्हणूनच ती देतांना लोकांचा हात आंखडतो.

तिसरें उदाहरण कृष्णाकांठचें. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांवकडील गुर्लहोसूर येथें झाला. मुंबईस ते चित्रकला शिकावयास गेले. परंतु डोळ्यांना कांहीं रंग नीट ओळखूं येत नाहींत असें आढळून आल्यामुळें ती वाट बंद झाली. यंत्रांच्या आकृत्या काढण्यास रंग लागत नाहींत. ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले. बढती आपल्याला सोडून दुसऱ्यास मिळाली तेव्हां त्यांनीं नोकरी सोडली आणि बेळगांवीं बंधु रामूअण्णा यांच्यासह सायकलींच्या दुकानांत लक्ष घातलें. तेथून कडबा कापण्याचें यंत्र, आणि तेथून लोखंडी नांगर. शेतकऱ्यांचा समज असा कीं, लोखंडानें जमिनींत विष भिनतें. पहिल्या नांगराला गिऱ्हाईक मिळावयास सुमारें दोन वर्षें गेलीं.

या दोन वर्षांत लक्ष्मणरावांना सल्ला देणारे थोडे नसतील. नांगर सोडा आणि सायकली विका, हा शहाणपणाचा उपदेश कोणीही केला असता. असल्या वेळीं सल्ल्याचे दोन भाग करावे लागतात. लोखंडी नांगर शेतकऱ्याला हवा कीं नको, हा उद्देशाचा प्रश्न. त्याचें उत्तर लक्ष्मणरावांनीं स्वतः दिलें होतें. नांगराचा फाळ कसा असावा, बैलांना किती ओढ पडावी, रुमणें कोठें धरावें, हा वापराचा प्रश्न. त्याचें उत्तर कारखान्यांतल्या मेजावर मिळत नाहीं. तेथें शेतकरी हाच तज्ज्ञ. मोठ्या पगाराच्या सल्लागाराइतकेंच, किंबहुना अधिक, ज्ञान गिऱ्हाइकाच्या तक्रारींत असतें. ज्या दुकानांत तक्रार घेऊन आलेल्या माणसाला बसावयास जागा मिळत नाहीं, त्या दुकानानें बाहेरून कितीही विद्वान् आणले तरी तें सुधारत नाहीं.

पुढें बेळगांवच्या नगरपालिकेनें जागा सोडावयास सांगितलें. लक्ष्मणरावांवर ही आपत्तीच होती. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनीं आपल्या संस्थानांत कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन दिली आणि कर्जही दिलें. १९१० सालीं त्या निवडुंगाच्या व सापांच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. येथें लक्ष्मणरावांनीं माणसें कशीं जमविलीं तें पाहण्यासारखें आहे. शिक्षणाची पदवी पाहून नव्हे. रामूअण्णांकडे वसाहतीचा कारभार, मंगेशराव रेग्यांकडे हिशेब व कचेरी, शंभूराव जांभेकरांकडे यंत्रशाळा, के. के. कुलकर्ण्यांकडे विक्री, अनंतराव फळणीकरांकडे नव्या यंत्रांच्या आकृत्या. प्रत्येकाला एक काम, आणि त्या कामांत धन्यानें ढवळाढवळ करावयाची नाहीं. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवरही त्यांनीं पहारेकऱ्याचें काम सोंपविलें आणि तो विश्वास वाया गेला नाहीं. पहिल्या महायुद्धांत लोखंड मिळेनासें झालें तेव्हां कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा मिळवून त्या वितळविल्या, आणि तोफांचे नांगर केले.

तरीही लक्ष्मणरावांनीं एक गोष्ट ओळखली होती. स्वतः शिकून, हातानें करून जेवढें येतें त्याला मर्यादा आहे. चिरंजीव शंतनुराव यांना त्यांनीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांत पाठविलें. ते १९२६ सालीं शिकून परत आले. ही परक्या ज्ञानाची सर्वांत टिकाऊ पद्धत. सल्लागार येतो आणि जातो. घरचा माणूस शिकून आला म्हणजे ज्ञान घरांत राहतें. स्वातंत्र्याच्या सुमारास शंतनुरावांनीं डिझेल इंजिनें व विजेच्या मोटारी करण्यास हात घातला. १९४६ सालीं पुण्यास व बंगळूरला त्या कंपन्या निघाल्या, आणि त्यासाठीं विलायती कारखानदारांशीं करार करून त्यांचें तंत्र घेतलें. बापानें जें स्वतः शोधलें त्याच्या पुढची पायरी मुलानें विकत घेतली, यांत बापाचा कमीपणा नाहीं आणि मुलाचाही नाहीं. कोणती विद्या घरीं पिकवावी आणि कोणती बाजारांतून आणावी, हा हिशेब ज्याला येतो तो धंदा दुसऱ्या पिढींत जातो.

चौथें उदाहरण कारंज्याच्याच जिल्ह्याचें. जमनालाल बजाज यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजीं राजस्थानांत सीकरजवळ झाला. वर्ध्याचे शेठ बच्छराज यांच्या घरीं ते दत्तक आले. शाळा त्यांना फार लाभली नाहीं. प्राथमिक इयत्तांपलीकडे ते गेले नाहींत. सतराव्या वर्षीं दागिने घालण्याच्या कारणावरून आजोबा रागावून बोलले, आणि पैशाचा उल्लेख झाला. जमनालालांनीं घर सोडलें आणि पत्र लिहून कळविलें कीं, आपल्या संपत्तीवर माझा कोणताही हक्क नाहीं. आजोबा विरघळले, नातू परत आला. परंतु त्या पत्रानें एक गोष्ट कायमची सिद्ध झाली. जो माणूस पैसा सोडूं शकतो, त्याला पैशाविषयीं स्वच्छ विचार करतां येतो.

कापसाच्या व्यापारांत त्या काळीं एक खोड होती. वजन वाढावें म्हणून कापसावर पाणी मारीत. जमनालालांनीं आपल्या पेढीच्या मालांत हा प्रकार बंद केला. मुनिमांना हा तोटा वाटला असल्यास नवल नाहीं. परंतु कोरड्या, चोख मालाची ख्याति झाली आणि बाजारांत त्याला अधिक भाव येऊं लागला. येथें सल्ल्याची गरजच नव्हती. माल चोख द्यावा कीं नाहीं, असें जो तज्ज्ञाला विचारावयास जातो, तो आधींच अर्धा घसरलेला असतो.

मग जमनालालांनीं सल्ला घेतला तो कोणत्या गोष्टीचा? धन कसें मिळवावें याचा नव्हे, तें कशासाठीं मिळवावें याचा. १९२० सालीं त्यांनीं गांधीजींना आपल्याला पुत्र मानावें अशी विनंती केली. ते गांधीजींचे पांचवे पुत्र म्हणून ओळखले गेले. १९२१ सालीं रायबहादुर ही पदवी परत केली. १९२८ सालीं वर्ध्याचें आपलें लक्ष्मीनारायणाचें मंदिर अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुलें केलें. ग्रामोद्योगासाठीं वर्ध्याची आपली बाग दिली, ती मगनवाडी झाली. त्याच काळांत उद्योगही वाढत होता. १९३१ सालीं गोला गोकर्णनाथ येथें साखरेचा कारखाना निघाला. ११ फेब्रुवारी १९४२ रोजीं त्यांचा अंत झाला. गांधीजींना साखरेचा भाव माहीत नव्हता, कापसाची जात ओळखतां येत नव्हती. परंतु त्यांना जमनालालांपासून मिळवावयाचें कांहीं नव्हतें. आणि तोंडावर अप्रिय बोलण्याची त्यांना भीति नव्हती. हे दोन गुण ज्याच्यापाशीं आहेत असा एक तरी माणूस प्रत्येक धनवंताला हवा. पगारी माणसांत तो सांपडत नाहीं, आप्तांत क्वचित् सांपडतो.

आतां या चारी उदाहरणांचा मेळ घालूं. धंद्यांतील कर्तबगारी तीन गोष्टींत दिसते. आपण हा धंदा कां करतों याविषयीं मनांत संशय नसणें. कामाला योग्य माणूस ओळखून त्याच्या हातीं अधिकार देणें. आणि चूक झाली असतां ती इतरांच्या आधीं स्वतः म्हणून दाखविणें. या तीन गोष्टी उसन्या मिळत नाहींत. ज्या मालकाला या नाहींत, त्याला दहा सल्लागारही तारणार नाहींत. कारण दहांपैकीं कोणाचें ऐकावें हें ठरविण्यासही याच गुणांची गरज लागते.

परंतु त्या असतांही बाहेर विचारण्याचे प्रसंग येतात, आणि ते मुख्यतः चार आहेत. पहिला, जेथें चूक परत फिरवितां येत नाहीं आणि त्या विषयाचें ज्ञान घरांत नाहीं. जमीन, यंत्र, मोठें कर्ज, कायद्याचा करार. दुसरा, जेव्हां घरांतले सर्व जण एकाच सुरांत 'होय' म्हणतात. सर्वांचें मत एक असणें चांगलें. पण धन्याचा चेहरा पाहून मत बनत असेल तर त्या पेढींत एकच माणूस विचार करीत आहे असें समजावें. तिसरा, जेव्हां एकच तक्रार तीन वेगळ्या तोंडांतून ऐकूं येते. एका गिऱ्हाइकाची तक्रार ही त्याच्या स्वभावाची असूं शकेल. तिघांची तक्रार मालाची असते. आणि चौथा, सर्वांत नाजूक, जेव्हां मालक स्वतःच वादांतला पक्ष असतो. वांटणी, भागीदारी, गादीवर कोणता मुलगा बसावा. या प्रश्नांत बापाची नजर कितीही तीक्ष्ण असली तरी ती मायेनें किंवा रागानें पाणावलेली असते. पुष्कळ पेढ्या बाजारानें बुडविल्या नाहींत. त्या माजघरांतल्या न बोललेल्या वांटणीनें बुडविल्या.

विचारावें कसें, हेंही महत्त्वाचें आहे. ज्याला आपल्या निर्णयांतून दलाली मिळणार त्याचा सल्ला हा सल्ला नव्हे, ती विक्री आहे. सल्लागारापुढें रोजमेळ आणि खतावणी उघडी ठेवावी. वैद्याला नाडी न दाखवितां औषध मागणारा रोगी आणि वह्या झांकून सल्ला मागणारा व्यापारी यांत अंतर नाहीं. प्रश्न आधीं कागदावर लिहावा; तो दोन ओळींत मावत नसेल तर तो अजून आपल्यालाच कळलेला नाहीं. मेहनताना ठरवून द्यावा. आणि निर्णय मात्र आपल्यापाशीं ठेवावा, कारण परिणाम आपल्याला भोगावयाचा आहे. उद्यां नुकसान झालें तर 'त्यांनीं सांगितलें होतें' असें म्हणतां यावें एवढ्यासाठीं जो सल्ला घेतो, त्यानें सल्ला घेतलेला नसतो. दोष ठेवण्यासाठीं खुंटी घेतलेली असते.

बाहेरचा म्हणजे दरवेळीं दूरचाच असें नाहीं. कित्येक घरांत गल्ल्याला ओहोटी लागल्याचें मालकाच्या आधीं गृहिणीच्या ध्यानांत येतें. किराण्याची उधारी वाढलेली तिला दिसते, नोकराची नजर फिरलेली तिला दिसते, पतीची झोंप उडालेली तर तिलाच दिसते. तिला विचारण्याची चाल नाहीं, म्हणून ती बोलत नाहीं. आणि जप्तीचा कागद दाराशीं येतो तेव्हां मात्र तो तिनेंच हातांत घ्यावयाचा असतो.

पुन्हां कारंज्याच्या बागेंत येऊं. संत्र्याच्या झाडाला डिंक्या म्हणून एक रोग होतो. बुंध्याशीं पाणी सांचत राहिलें कीं खालची साल कुजूं लागते आणि तिच्यांतून डिंक पाझरतो. झाड लगेच मरत नाहीं. पानें थोडीं पिवळीं पडतात, शेंडे वाळतात. कित्येकदां तर मरणाऱ्या झाडाला त्या वर्षीं अधिकच फळ धरतें, आणि बागाईतदार खूष होतो. जाणत्याला डिंकाच्या पहिल्या थेंबाशीं बोलाविलें तर काम थोडें असतें. कुजलेली साल खरडावयाची, चुना व मोरचुदाचा लेप द्यावयाचा, बुंध्यापासून पाणी दूर राहील असें आळें करावयाचें. साल चोहोंबाजूंनीं कुजल्यावर बोलाविलें तर तोच जाणता माणूस झाडाभोंवतीं एकदां फिरतो आणि कुऱ्हाड आणावयास सांगतो. त्याची विद्या दोन्ही वेळां तितकीच असते. फरक असतो तो बोलावणें कोणत्या दिवशीं गेलें याचा. आणि तो दिवस ओळखणें हें काम परक्याचें नव्हे, रोज बागेंत हिंडणाऱ्या धन्याचेंच आहे.